डॅमसेल माशांची ओळख : मालवणच्या खडकापासून कॅरिबियन समुद्रापर्यंत

स्नॉर्केलिंग करताना सर्वाधिक दिसणारे, पण नावाने क्वचितच ओळखले जाणारे मत्स्यकुळ

हिंगोली - मराठवाड्यातील पर्यटकांसाठी समुद्र ही सुटीत जाऊन पाहण्याची गोष्ट आहे. हिंगोली ते मालवण हे अंतर सरळ रेषेत मोजले, तरी साडेपाचशे किलोमीटरहून अधिक भरते. तरीही दिवाळी आणि नाताळच्या सुट्यांत येथील अनेक कुटुंबे मालवण, तारकर्ली, देवबागकडे जातात. तोंडावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासनळी आणि अंगात लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथे तरंगायचे व खालचे जग पाहायचे, या स्नॉर्केलिंग नावाच्या प्रकाराची ओळख त्यांना तेथेच होते. परतल्यावर छायाचित्रे दाखविली जातात. त्यांत पिवळसर पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे हमखास असतात. ‘हा कोणता मासा?’ या प्रश्नाला मात्र ‘रंगीत मासा’ याखेरीज उत्तर नसते.

हा मासा डॅमसेल कुळातील होय. जगातील कोणत्याही उष्ण समुद्रात डोके बुडविले, तरी या कुळाचा एखादा सदस्य पहिल्या काही मिनिटांतच दिसतो. त्याची ओळख करून घेणे हा केवळ हौसेचा भाग नाही. कोणता डॅमसेल दिसला आणि कोणता दिसला नाही, यावरून त्या ठिकाणच्या प्रवाळांच्या प्रकृतीचा बराचसा अंदाज बांधता येतो. माशांची गर्दी दिसली म्हणजे समुद्र सुदृढ आहे, असा समज करून घेणाऱ्या पर्यटकाला ही ओळख उपयोगी पडावी.

कुळाची ओळख

डॅमसेल माशांच्या कुळाचे शास्त्रीय नाव पोमासेन्ट्रिडी असे आहे. यात चारशेहून अधिक जातींचा समावेश होतो. बहुतेक जाती पाच ते पंधरा सेंटिमीटर लांबीच्या असतात. प्रवाळ, खडक, बंदराचे खांब, किल्ल्यांच्या समुद्रात उतरलेल्या भिंती अशा आधाराच्या जागी ते राहतात. बांगडा किंवा सुरमई यांच्याप्रमाणे बाजारात त्यांना भाव नाही. त्यामुळे संपूर्ण कुळासाठी सर्वमान्य असे मराठी नाव रूढ झालेले नाही. इंग्रजीतील ‘डॅमसेल’ म्हणजे कुमारिका. नाव नाजूक असले, तरी स्वभाव तसा नाही. आपल्या हद्दीत शिरलेल्या कितीतरी मोठ्या माशावर, प्रसंगी पोहणाऱ्या माणसाच्या हातावरही, हे मासे धावून जातात.

मराठवाड्यातील वाचकाला या कुळाचा एक लांबचा नातेवाईक चांगला परिचित आहे. इसापूर, सिद्धेश्वर यांसारख्या धरणांच्या परिसरात मासळीबाजारात येणारा तिलापिया, म्हणजेच अनेक ठिकाणी ‘चिलापी’ म्हणून विकला जाणारा मासा, हा तो नातेवाईक. तिलापिया मूळचा आफ्रिकेतील असून भारतात तो १९५२ मध्ये आणण्यात आला. तो सिक्लिड कुळातील आहे. पूर्वी शरीररचनेच्या आधारे सिक्लिड, डॅमसेल आणि रास ही कुळे एकाच गटात धरली जात. जनुकीय अभ्यासानंतर २०१२ पासून रास कुळ या नात्यातून बाजूला निघाले. सिक्लिड व डॅमसेल मात्र अंड्यांच्या चिकट तंतूंवरून नाव पडलेल्या एकाच मोठ्या गटात राहिले.

दोहोंतील साम्य बाजारातही पाहता येते. बहुतेक माशांना डोक्याच्या प्रत्येक बाजूस दोन नाकपुड्या असतात. तिलापियाला प्रत्येक बाजूस एकच असते. डॅमसेल कुळातील बहुसंख्य जातींनाही एकच असते. फरक पोटाखालच्या मागील पराच्या काट्यांत आहे. डॅमसेल माशाला तेथे दोन काटे असतात, तर तिलापियाला तीन. पिल्लांची काळजी घेण्याची रीतही निराळी आहे. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात धरून उबविते. डॅमसेल माशांत सर्वसाधारणपणे नर खडकावर चिकटविलेल्या अंड्यांची राखण करतो.

पाण्यात पाहावे कसे?

मासा ओळखताना नवखा माणूस प्रथम रंग पाहतो, आणि तेथेच चुकतो. पाण्यात खोल जावे तसा लाल रंग झपाट्याने नाहीसा होतो. चार-पाच मीटरवर लाल वस्तू करडी भासू लागते. शिवाय मुखवट्याच्या काचेमुळे प्रत्येक वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते. म्हणून ‘हातभर लांबीचा निळा मासा पाहिला’ या वर्णनावर जाणकार सहसा विसंबत नाहीत. ओळखीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवल्यास चुका कमी होतात.

प्रथम आकार पाहावा. डॅमसेल माशाचे शरीर बाजूने चपटे, लांबट-गोल आणि उंच असते. तोंड लहान असते. पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग, एकच असतो. कार्डिनल नावाचे लहान मासे दूरून सारखे वाटतात, पण त्यांच्या पाठीवर दोन स्वतंत्र पर असतात. फुलपाखरू मासा थाळीसारखा गोल आणि पुढे आलेल्या नळीदार तोंडाचा असतो.

दुसरी गोष्ट वागणुकीची. मासा थव्याने मधल्या पाण्यात तरंगत आहे, की एका खडकाभोवती एकटाच घिरट्या घालत आहे, याची नोंद घ्यावी. क्रोमिस वर्गातील डॅमसेल प्रवाहात वाहून येणारे सूक्ष्म जीव टिपत थव्याने राहतात. स्टेगॅस्टिस वर्गातील मासे एकटे, भांडखोर आणि आपल्या तुकड्याला चिकटून असतात.

तिसरी गोष्ट पट्टे. ते उभे आहेत की आडवे, किती आहेत, जाड आहेत की बारीक, हे मोजावे. चौथी गोष्ट शेपटी. तिला किती खोल खाच आहे, टोके अणकुचीदार की गोलसर, त्यांवर काळी रेघ आहे काय, हे पाहावे. शेवटी एखादा ठळक ठिपका शोधावा. तो शेपटीच्या बुडाशी, छातीजवळच्या पराच्या मुळाशी किंवा कल्ल्याच्या वरच्या कोपऱ्यात असू शकतो. रंगाचा विचार यानंतर करावा.

मालवणचे पट्टेदार रहिवासी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग किल्ला आणि जवळचा पद्मगड यांच्या भोवतालचा खडकाळ भाग त्यातील गाभा क्षेत्रात येतो. स्नॉर्केलिंगसाठी येणारे बहुतांश पर्यटक याच परिसरात उतरतात. पावसाळ्यात येथील जलक्रीडा बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी त्यातल्या त्यात निवळ असते. तरीही लक्षद्वीपच्या मानाने येथील दृश्यता कमीच राहते, हे ध्यानात ठेवून जवळचे पाहण्याची सवय करावी.

येथे सर्वप्रथम भेटतात ते ‘सार्जंट’ मासे. लष्करातील सार्जंटच्या बाहीवरील पट्ट्यांवरून हे नाव पडले. त्यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव अब्युडेफडफ असे काहीसे विचित्र आहे. ते अरबी आहे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या मोहिमेतील निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्स्कॉल याने तांबड्या समुद्राकाठी ते टिपून घेतले. १७६३ मध्ये येमेनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचे लेखन १७७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नाव कायम झाले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस डे यांनी ‘फिशेस ऑफ इंडिया’ या ग्रंथात हेच मासे ग्लिफिडोडॉन या जुन्या नावाखाली नोंदविले. जुनी पुस्तके चाळणाऱ्यांनी हा नामबदल लक्षात घ्यावा.

सार्जंट माशांतील भेद पट्टे आणि शेपटी यांवरून कळतो.

इंडो-पॅसिफिक सार्जंट, अर्थात अब्युडेफडफ व्हेगिएन्सिस : अंग फिकट, पाठ पिवळी आणि पाच गडद उभे पट्टे. शेपटीवर काळ्या रेघा नाहीत. थव्याने राहतो आणि माणसाजवळ निर्धास्तपणे येतो. पर्यटकांच्या छायाचित्रांत बहुधा हाच असतो.

बंगाल सार्जंट, अर्थात अब्युडेफडफ बेंगालेन्सिस : अंग करडे-हिरवट, पट्टे सहा-सात व तुलनेने बारीक. शेपटीची टोके गोलसर. पिवळी पाठ नसल्याने हा कमी आकर्षक वाटतो. जर्मन शास्त्रज्ञ मार्कस ब्लॉख याने १७८७ मध्ये त्याचे वर्णन केले. नावात बंगाल असले, तरी अरबी समुद्राच्या खडकाळ किनाऱ्यावरही तो आढळतो.

कात्रीशेपट्या सार्जंट, अर्थात अब्युडेफडफ सेक्सफॅसिएटस : पट्टे पहिल्यासारखेच, मात्र शेपटीच्या वरच्या व खालच्या पाकळीवर एकेक काळी रेघ असते. त्यामुळे शेपटी उघड्या कात्रीसारखी दिसते. प्रवाळांच्या प्रदेशात हा अधिक.

काळठिपक्या सार्जंट, अर्थात अब्युडेफडफ सॉर्डिडस : लाटा फुटतात अशा उथळ खडकांत राहणारा, आकाराने थोराड. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूस ठसठशीत काळा डाग, हीच त्याची खूण. पिल्ले ओहोटीच्या डबक्यांतही सापडतात.

यांच्याशी गल्लत होते ती ‘कन्व्हिक्ट सर्जन’ या माशाची. त्याच्याही अंगावर काळे उभे पट्टे असतात. पण ते फार बारीक असतात, अंगाला पिवळ्या पाठीची झाक नसते आणि शेपटीच्या बुडाशी लहानसा धारदार काटा असतो. तो डॅमसेल नव्हे.

एखाद्या वेळी नेहमीचा पिवळा-पांढरा सार्जंट निळसर झालेला आणि खडकाच्या एका तुकड्यापुढे सारखा येरझारा घालताना दिसतो. ती निराळी जात नाही. तो अंड्यांची राखण करणारा नर असतो. नीट पाहिल्यास त्याच्यामागे खडकावर लालसर-जांभळा गालिचा पसरल्यासारखा दिसतो. ती हजारो अंडी असतात. अशा ठिकाणी अधिक जवळ जाऊ नये. नर हुसकला गेला, की इतर मासे काही क्षणांत अंडी फस्त करतात.

खोल खाचेच्या शेपटीचे, लांब तंतूंसारख्या टोकांचे, काळपट सडपातळ मासे कपारींसमोर थव्याने दिसले, तर ते निओपोमासेन्ट्रस वर्गातील समजावेत. मळकट पाण्यातही तग धरणारा हा वर्ग असल्याने पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्याकडे लक्ष ठेवणे फायद्याचे ठरते.

गर्दी म्हणजे आरोग्य नव्हे

सार्जंट माशांची ओळख पटल्यावर एक महत्त्वाची गोष्ट उलगडते. हे मासे जिवंत प्रवाळावर अवलंबून नाहीत. वाहून येणारे सूक्ष्म जीव, शेवाळ, इतर माशांची अंडी, असे जे मिळेल ते ते खातात. प्रवाळ मृत झाला, तरी खडक उरतो आणि खडकाबरोबर सार्जंटही उरतो. म्हणून त्यांचा मोठा थवा पाहून येथील प्रवाळ सुस्थितीत आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

त्यात पाव आणि बिस्किटांची भर पडते. पर्यटकांभोवती मासे जमावेत म्हणून अनेक पर्यटनस्थळी पाण्यात खाद्य टाकले जाते. ते खाण्यासाठी सर्वप्रथम धावतात ते धीट आणि सर्वभक्षी मासे, म्हणजे बहुधा सार्जंटच. छायाचित्र उत्तम येते. परंतु एका ठिकाणी त्यांची दाटी झाली, की आसपासच्या लाजाळू माशांची आणि त्यांच्या अंड्यांची अडचण होते. पर्यटकाला दिसणारी गर्दी ही त्या खडकाची नैसर्गिक वस्ती नसून खाद्यामुळे जमलेली गर्दी असते. खाद्य टाकू नये, अशी विनंती सोबतच्या मार्गदर्शकाला करणे, हे पर्यटकाच्या हाती असलेले सोपे काम आहे. गिऱ्हाईक मागत नाही, हे कळले की पाण्यात पाव टाकण्याचे कारणही उरत नाही.

मालवणच्या प्रवाळांवरील ताणाची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या अभयारण्यात मनोरंजनासाठी होणाऱ्या डायव्हिंगमुळे प्रवाळांना पोचणाऱ्या इजेकडे लक्ष वेधले होते. प्रवाळावर उभे राहणे, त्याला धरून फोटो काढणे, पायांतील पंखांचे तडाखे बसणे, नांगर टाकणे, अशा साध्या वाटणाऱ्या कृतींनी वर्षानुवर्षांची वाढ क्षणात तुटते. खडक तयार करणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे कायदेशीर संरक्षण आहे, त्याच अनुसूचीतील हे संरक्षण होय. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा ठरतो.

दुसरा ताण तापमानाचा. पाणी प्रमाणाबाहेर तापले, की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. जागतिक पातळीवर १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात असे मोठे प्रसंग घडले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सागर व हवामान संस्थेने चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपमध्ये तीव्र विरंजन झाल्याचे सांगितले.

लक्षद्वीप आणि अंदमान

प्रवाळावर खरोखर अवलंबून असलेले डॅमसेल पाहायचे, तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून पुढे जावे लागते. मालवणात गोलसर व पसरट वाढीचे प्रवाळ प्रामुख्याने आहेत. झाडाच्या फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ लक्षद्वीप आणि अंदमानात अधिक आढळतात. त्या फांद्यांच्या जाळीत लपणाऱ्या जातीही तेथेच भेटतात. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना घ्यावा लागतो, याची नोंद प्रवासाचा बेत आखताना घ्यावी.

हिरवट-निळा क्रोमिस, अर्थात क्रोमिस व्हिरिडिस : फांदीदार प्रवाळावर धुक्यासारखा तरंगणारा थवा. माणूस जवळ आला, की सारा थवा एका क्षणात फांद्यांत शिरतो. याचा जुळा भाऊ शोभेल असा क्रोमिस अट्रिपेक्टोरॅलिस हा मासाही असतो. त्याच्या छातीजवळच्या पराच्या मुळाशी आतून काळा डाग असतो, तो पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

तीनपट्टी डॅसिलस, अर्थात डॅसिलस अरुआनस : पांढऱ्या अंगावर तीन रुंद काळे पट्टे. शेपटी फिकट. शेपटीचा मागील भागही काळा असेल, तर ती डॅसिलस मेलॅन्यूरस ही वेगळी जात.

तीनठिपक्या डॅसिलस, अर्थात डॅसिलस ट्रायमॅक्युलेटस : पिल्लू काळेकुट्ट आणि कपाळावर एक, दोन्ही बाजूंस एकेक असे तीन पांढरे ठिपके. वय वाढते तसे ठिपके पुसट होतात. त्यामुळे पिल्लू आणि प्रौढ या दोन जाती असल्याचा भास होतो.

याच कुळात विदूषक मासा अर्थात क्लाउनफिश मोडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. २००३ मध्ये आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने हा मासा घराघरांत पोचला. अंदमानात दिसणारा नारिंगी अंगाचा, तीन पांढऱ्या पट्ट्यांचा मासा म्हणजे अ‍ॅम्फिप्रिऑन ऑसेलॅरिस. त्याच्यासारखाच दिसणारा अ‍ॅम्फिप्रिऑन परक्युला हा पापुआ न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडकडचा. पाठीच्या परातील काटे मोजल्यास पहिल्यात साधारण अकरा व दुसऱ्यात दहा भरतात. पाण्यात ते मोजणे शक्य नसते. तेथे ठिकाण हाच भरवशाचा पुरावा होय. पाठीवरून नाकापर्यंत एकच पांढरी रेघ असलेला गुलाबी-नारिंगी स्कंक क्लाउनफिशही अंदमानात आहे. काळ्या पायांचा म्हणून ओळखला जाणारा अ‍ॅम्फिप्रिऑन नायग्रिपेस हा मालदीव, श्रीलंका व लक्षद्वीप या भागापुरता मर्यादित आहे.

हे सर्व मासे सागरी अ‍ॅनिमोनच्या डंख मारणाऱ्या बाहूंत राहतात. प्रत्येक अ‍ॅनिमोनमध्ये एक मोठी मादी, तिचा नर आणि काही लहान नर असतात. मादी मेली, तर तिचा जोडीदार नर मादी बनतो आणि लहानांपैकी सर्वात मोठा त्याची जागा घेतो. अ‍ॅनिमोनमधून एक मासा पकडून नेला, तर साऱ्या कुटुंबाची घडी विस्कटते, ती यामुळेच. घरच्या काचपेटीसाठी हा मासा घेणाऱ्यांनी तो समुद्रातून पकडलेला नसून केंद्रात पैदास केलेला आहे, याची खात्री करून घ्यावी.

समुद्र बदलला, की नाव बदलते

पदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढली आहे आणि त्यांच्या प्रवासात स्नॉर्केलिंगचा समावेशही होऊ लागला आहे. पट्टेदार सार्जंट दिसला, की ‘हा तर मालवणचाच’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रत्येक महासागराची आपली जात आहे.

कॅरिबियन समुद्र आणि अटलांटिकमध्ये दिसणारा सार्जंट मेजर हा अब्युडेफडफ सॅक्सॅटिलिस. लिनियसने १७५८ मध्येच त्याला नाव दिले. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा पॅनामा सार्जंट, अर्थात अब्युडेफडफ ट्रॉशेली, वेगळा. हवाई बेटांवरचा फिकट हिरवट सार्जंट हा अब्युडेफडफ अ‍ॅबडॉमिनॅलिस. स्थानिक लोक त्याला ‘मामो’ म्हणतात. १९९० च्या दशकात तेथे इंडो-पॅसिफिक सार्जंटही पोचला व दोहोंचा संकर होऊ लागला. त्यामुळे हवाईत काही माशांना ठाम नाव देता येत नाही.

भूमध्य समुद्रात मूळचा डॅमसेल एकच, क्रोमिस क्रोमिस. प्रौढ तपकिरी-काळपट आणि शेपटीला खोल खाच. पिल्ले मात्र चमकदार निळी. ग्रीस किंवा इटलीच्या किनाऱ्यावर हा बिनचूक ओळखता येतो. कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यातील गॅरिबाल्डी हा कुळातील थोरला. तो तीस सेंटिमीटरहून मोठा होतो आणि संपूर्ण नारिंगी असतो. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला राज्याचा सागरी मासा म्हणून मान दिला. त्याच्या पिल्लांवर निळे ठिपके असतात.

पिल्ले आणि प्रौढ यांतील फरकाचे आणखी ठळक उदाहरण कॅरिबियनमधील पिवळ्या शेपटीच्या डॅमसेलचे. पिल्लू गर्द निळे आणि त्यावर रत्ने जडविल्यासारखे तेजस्वी निळे ठिपके. प्रौढ मासा तपकिरी-काळपट आणि शेपटी पिवळी. अशा वेळी माशाचा आकार व वागणूक यांकडे परत वळावे लागते.

काही जाती नव्या समुद्रातही शिरतात. इंडो-पॅसिफिकमधील निओपोमासेन्ट्रस सायनोमॉस हा मासा २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात आढळला आणि नंतर तेथे पसरत गेला. ‘हा येथे असूच शकत नाही’ असे वाटणारा मासा दिसल्यास छायाचित्र जपून ठेवावे. असे पुरावे शास्त्रज्ञांना लागतात.

शेती करणारे मासे

प्रवाळ दुबळे झाले, की कोणते डॅमसेल उरतात, याचे उत्तर त्यांच्या आहारात आहे. स्टेगॅस्टिस वर्गातील अनेक जाती शेवाळाचे छोटे मळे राखतात. जपानमधील संशोधनात स्टेगॅस्टिस नायग्रिकन्स हा मासा नको असलेले शेवाळ उपटून मळ्याबाहेर टाकतो आणि हवे तेच वाढवितो, असे दिसून आले. ही एक प्रकारची निंदणीच होय. कॅरिबियनमधील बेलीझ येथे स्टेगॅस्टिस डायन्सियस हा मासा आपल्या मळ्यात मायसिड नावाच्या कोळंबीसारख्या बारीक जीवांना आश्रय देतो व त्यांच्या विष्ठेचे खत मळ्याला मिळते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. शेणखतावर पोसलेल्या हळदीच्या रानांचा परिचय असलेल्या वसमत परिसरातील शेतकऱ्याला ही पद्धत परकी वाटू नये.

प्रवाळ मेल्यावर त्याच्या सांगाड्यावर शेवाळ माजते. ती या शेतकरी माशांना आयती जमीन ठरते. याउलट क्रोमिस व्हिरिडिस आणि डॅसिलस अरुआनस यांच्या पिल्लांना जिवंत फांद्यांचा आसरा लागतो. तो गेला, की त्यांची संख्या रोडावते. म्हणून पोहणाऱ्याने इतकेच लिहून ठेवावे : फांद्यांतील थवेवाले डॅमसेल दिसले की नाहीत, मळे राखणारे भांडखोर किती होते आणि सार्जंटांचे थवे खाद्याशिवाय जमले होते काय? या तीन उत्तरांतून त्या जागेचे चित्र बरेच स्पष्ट होते.

नोंद ठेवावी कशी?

अमेरिकेतील ‘रीफ’ या संस्थेने १९९० नंतर सामान्य पोहणाऱ्यांकडून माशांच्या नोंदी घेण्याची सोपी पद्धत रूढ केली. तीत मासे एकेक मोजावे लागत नाहीत. एकच दिसला तर ‘एक’, दोन ते दहा दिसले तर ‘थोडे’, अकरा ते शंभर ‘पुष्कळ’ आणि त्याहून अधिक ‘विपुल’, असे चार गट आहेत. हीच पद्धत मालवणातही वापरता येईल. पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच ठिकाण, तारीख, अंदाजे खोली, पाण्याची दृश्यता आणि दिसलेल्या जाती वहीत लिहाव्यात. ज्याबद्दल खात्री नाही, तेथे केवळ ‘सार्जंट, जात अनिश्चित’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक व उपयुक्त असते.

छायाचित्र काढताना मासा बाजूने दिसेल, पट्टे मोजता येतील आणि शेपटी कापली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. माशाचा पाठलाग करू नये. एका जागी स्तब्ध तरंगत राहिल्यास दोन-तीन मिनिटांत डॅमसेल आपापल्या जागी परततात आणि त्यांचे नेहमीचे वागणे पाहायला मिळते. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर ठिकाणासह छायाचित्र दिल्यास जगभरातील जाणकार ओळख तपासून देतात. तपशिलासाठी फिशबेस हा माशांचा कोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे.

ज्यांना पोहता येत नाही, त्यांनी लाइफ जॅकेट काढू नये आणि मार्गदर्शकापासून दूर जाऊ नये. पाय टेकावेसे वाटल्यास खाली वाळू आहे की प्रवाळ, हे पाहूनच टेकावेत. अंगाला लावायच्या सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा वापरणे चांगले. सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट या रसायनांमुळे प्रवाळांना धोका असल्याच्या कारणावरून हवाई राज्याने २०१८ मध्ये कायदा करून २०२१ पासून अशा उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली.

सहलीपूर्वीची तयारी घरीही करता येते. मासळीबाजारात तिलापियाची सलग पाठपर आणि प्रत्येक बाजूची एकच नाकपुडी मुलांना दाखवावी. त्यानंतर सार्जंटच्या चार जातींची चित्रे समोर ठेवून पट्टे मोजण्याचा आणि शेपटी पाहण्याचा सराव करावा. एवढी तयारी असलेल्या कुटुंबाला मालवणच्या पाण्यातील अर्ध्या तासात दोन-तीन जाती नावानिशी ओळखणे अवघड जाणार नाही. पुढच्या वर्षी तेच कुटुंब त्याच खडकावर परतले, तर काय टिकले आणि काय गेले, हे सांगण्यासाठी त्याच्यापाशी वहीतली नोंद असेल.